रायभानच्या ओसरीवरचा बंब

मी एक जुना तांब्याचा बंब आहे, मित्रांनो. तुमच्या न्हाणीघरात भिंतीवर गिझर असेल आणि बटण दाबले की पाणी तापत असेल. म्हणून मी कसा असतो ते आधी सांगतो. माझे पोट गोल आणि मोठे आहे. पोटाच्या मधोमध एक नळकांडे आहे. त्यात जाळ करायचा, भोवती पाणी भरायचे आणि खालच्या तोटीतून कढत पाणी काढून घ्यायचे. राख जाळीतून खाली पडते, धूर वरून निघून जातो. एवढेच माझे यंत्र.

जालन्याच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. त्याच्या हातोडीच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. तिथून मी अंबड तालुक्यातल्या एका मोठ्या शेतकरी घरात गेलो. त्या घरात माणसे पुष्कळ आणि पाहुण्यांची ये-जा त्याहून जास्त. घरातल्या थोरल्या सूनबाई, द्वारकाबाई, पहाटे माझ्यात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, जाळ करत. सणाच्या आदल्या दिवशी त्या मला चिंचेने आणि राखेने असे घासत, की अंगणातले तुळशीवृंदावन माझ्या पोटात दिसे. पाहुणे म्हणत, "वैनी, तुमच्या बंबाचं पानी अंगावर घेतलं की समदा शिणवटा उतरतो बगा." ते ऐकून द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसत आणि मी आणखी तापे.

एक्याऐंशी साली त्या घरात विजेचा हीटर आला. मला गोठ्यात ठेवले. माझ्यावर रिकामी पोती पडली, कोंबड्या बसू लागल्या. कुणीतरी माझी तोटी काढून नेली. बूड एका जागी झिजून गळू लागले. अशी कितीतरी वर्षे गेली. द्वारकाबाई म्हाताऱ्या झाल्या, घरात नातसुना आल्या आणि एके दिवशी दारात आलेल्या भांडेवालीला नातसुनांनी मला मोडीत देऊन टाकले. माझ्या बदल्यात घरात स्टीलचे लखलखीत पिंप आले.

द्वारकाबाई काठी टेकत दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "नीट न्ये गं त्याला."

भांडेवाली हसली. "मोडीला काय नीट न्यायचं, आजी?"

तिचेही खरे होते. मी आता मोडच होतो.

जालन्यातल्या एका भंगाराच्या दुकानात पितळेच्या, तांब्याच्या भांड्यांचा ढीग होता. सगळ्यांना चेचून पोत्यात भरायचे आणि भट्टीवर पाठवायचे. दुकानाचे मालक चाचा मोठा घण घेऊन आले. पहिला घाव माझ्या खांद्यावर बसला. दुसरा उचललेला होता, तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला.

"चाचा, थांबा थांबा! मारू नका त्याला!"

खाकी कपड्यातला एक उंच, काळासावळा माणूस सायकल भिंतीला लावून धावत आत आला. तो एसटीचा ड्रायव्हर रायभान. त्याने माझ्यावरून असा हात फिरवला, जसा बाजारात बैलाच्या पाठीवरून फिरवतात.

"डायवर साब, गळका डब्बा हाय हा," चाचा म्हणाले. "न तोटी, न झाकन. काय करता?"

"गळू द्या. अंग बगा की त्याचं. कुठंच जोड न्हाई."

तो वाचवणारा हात मी कधीच विसरणार नाही, मित्रांनो.

रायभानचे घर जालन्यातच, मस्तगडला होते. त्याचे आजे-पणजे मेंढरे राखत रानोरान फिरायचे. हा एसटी घेऊन फिरायचा आणि फिरता फिरता जुन्या वस्तू हुडकायचा. त्याला दारू नाही, पत्ते नाहीत, ही एवढीच हौस. मुक्कामाची गाडी ज्या गावात असेल तिथे तो पारावर बसून विचारायचा, "कुणाकडं जुनंपानं काही पडलंय का?" मग अडकित्ते, पानाचे डबे, निजामाच्या वेळची कुलपे, लाकडी मापे असे काही ना काही त्याच्या सीटखाली पोत्यात गुंडाळून घरी यायचे. सुटीच्या दिवशी तो ते ओसरीवर मांडून घासायचा, दुरुस्त करायचा आणि मग औरंगाबादचे, जालन्याचे हौशी लोक येऊन विकत न्यायचे. आलेल्या पैशातून पुढची वस्तू.

विकताना तो एक गोष्ट न चुकता करायचा. ती वस्तू कोणत्या गावातून आली, तिथे ती काय काम करायची, हे घेणाऱ्याला खाली बसवून सांगायचा. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला तो वस्तूच देत नसे.

त्याची बायको नंदाबाई मात्र या हौसेला कंटाळली होती. मला पाहून तिने कपाळावर हात मारला.

"आता ह्यो कुठून आनला? पाय ठिवायला जागा न्हाई घरात. गल्लीतल्या बाया मला भंगारवाली म्हनून राह्यल्या!"

"भंगार न्हाई गं हे. जरा घासू दे, मंग बघ."

"मला न्हाई बगायचं. विका जल्दी."

रायभानने माझ्या खांद्यावरचा पोचा काढून आणला, बुडाला डाग दिला, आतून कलई करून घेतली. कुठल्याशा दुसऱ्या बंबाची पितळी तोटी शोधून मला बसवली. त्याने मला घासले तेव्हा मी कितीतरी वर्षांनी ऊन पाहिल्यासारखा चमकलो. पण मला पेटवले मात्र नाही. विकायच्या वस्तूला काजळी कशाला लावायची?

थोड्याच दिवसांत औरंगाबाद रस्त्यावर नवीन हॉटेल बांधणारे वसंतशेठ आले. ते रायभानचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. मला पाहून त्यांचे डोळे लकाकले.

"रायभान, हा माझा. हॉटेलात शिरल्या शिरल्या मधोमध टांगणार. पोटाला भोकं पाडायची नक्षीची आणि आत बल्ब. काय दिवा दिसेल!"

माझ्या कडीवरून फिरणारा रायभानचा हात थांबला. पण शेठनी 'हा माझा' म्हणताच त्याने हो म्हटले होते, शेठनी बयाण्याची रक्कमही हातात ठेवली होती. हॉटेल पुरे झाले की न्यायला येतो, असे सांगून ते गेले.

मी भट्टीतून वाचलो होतो, मित्रांनो. तरी त्या दिवशी मला घणापेक्षा त्या भोकांची जास्त भीती वाटली. चेचलेल्या तांब्याचे पुन्हा भांडे होते. पोटाला भोके पडलेल्या बंबात मात्र पुन्हा कधी पाणी राहत नाही.

मग दोन हजार सहा साल आले आणि चिकुनगुनियाची साथ आली. घरोघर माणसे तापाने पडली. ताप उतरला तरी सांधे धरलेलेच. धडधाकट बायांना भाकरी थापता येईना, जिना उतरायचा तर बसून उतरावे लागे. आमच्या गल्लीत एकही घर सुटले नाही. नंदाबाईचे तर मनगट, गुडघे, घोटे सगळे आखडले. दिवाळीनंतर थंडी पडली तशी ती सकाळी अंथरुणातून उठताना रडू लागली. नंदाबाई रडते हे रायभानने लग्नापासून कधी पाहिले नव्हते.

डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू द्या, गरम पाण्याने शेका, बरे वाटेल. पण वीज कुठे होती? भारनियमन असे, की सकाळी बल्बसुद्धा पेटत नसे, मग हीटर कसला! गॅसवर किती पाणी तापवणार?

एका सकाळी रायभान ओसरीवर आला. माझ्यासमोर उभा राहिला. मग त्याने पऱ्हाट्या मोडल्या आणि माझ्या नळकांड्यात टाकून काडी ओढली.

घरातून नंदाबाई ओरडली, "अवो, काय करून राह्यले? काळा होईल ना त्यो! शेठला द्यायचाय!"

"होऊ दे काळा."

मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझ्या पोटात जाळ धडधडला. पाणी गुणगुणू लागले. रायभानने तोटी सोडली, नंदाबाईला पाटावर बसवले आणि तिच्या हातांवर, गुडघ्यांवर तो हळूहळू पाणी सोडत राहिला. बऱ्याच वेळाने तिने मूठ मिटली, उघडली. पुन्हा मिटली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आन आजून एक बादली. शेजारच्या सोनूबाईला बी बोलवा. ती तर उभीच राहू शकत न्हाई."

जावेचा हात धरून सोनूबाई आली. चार दिवसांत सारी गल्ली बादल्या घेऊन ओसरीपुढे उभी राहू लागली. कुणी पऱ्हाट्या आणी, कुणी गोवऱ्या, कुणी सुताराकडच्या ढलप्या. ज्यांना चालता येत नव्हते त्यांच्या घरी रायभान ड्यूटीला जाण्याआधी बादल्या पोहोचवी. मी काजळीने काळाकुट्ट झालो. तसा सुंदर मी कधीच दिसलो नसेन.

आणि अशाच एका सकाळी दारात टेम्पो थांबला. वसंतशेठ उतरले. रांगेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय केलंस रायभान? माझ्या हॉटेलचं उद्घाटन आहे. तू शब्द दिला होतास."

बायांची रांग थांबली. रायभानने मान खाली घातली. "दिल्ता, शेठ. बिलकुल दिल्ता. बयाना वापस देतो. पर ह्यो बंब आता नेऊ नका."

"बयाण्याचं काय करू मी? दिव्याची जागा मोकळी सोडली आहे. आता तिथं काय लावू?"

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांचीही अडचण खरी होती. शब्द मोडणारा माणूस म्हणून या धंद्यात नाव झाले, तर पुन्हा कोण ओसरी चढणार?

तेवढ्यात नंदाबाई भिंतीला धरून बाहेर आली. तिने आतल्या दाराकडे बोट केले. तिथे साखळीला एक पितळी लामणदिवा टांगलेला होता. मोराची मान, खाली पाच वाती. रायभानला तो भोकरदनच्या बाजारात मिळाला होता आणि कितीही गिऱ्हाइके आली तरी दोघांनी तो विकला नव्हता. घरातली तेवढी एकच वस्तू नंदाबाई आपली म्हणायची.

"शेठ, तुमाला दिवाच पाह्यजे ना?" ती म्हणाली. "मंग दिवाच न्या. बंबाचा कशाला दिवा करता?"

रायभान तिच्याकडे पाहतच राहिला. "नंदे, अगं त्यो तुझा..."

"काढा खाली. माझे हात वर जात न्हाईत."

रायभानने स्टुलावर चढून दिवा काढला. शेठनी तो हातात घेऊन उन्हात फिरवला. मग ते तिथेच ओसरीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "बरं, कुठून आला हा? नेहमीसारखं सांग." रायभान त्यांच्याशेजारी बसला आणि सांगू लागला. बायांची रांग पुन्हा पुढे सरकली.

उन्हाळ्यापर्यंत लोकांचे सांधे सुटले. रांग आटली. मी पुन्हा ओसरीवर नुसता उभा राहिलो. मला वाटले, आता हे लोक मला घरातच ठेवून घेतील. पण पुढच्या थंडीच्या तोंडावर राजूरहून गिरिजाबाई आल्या. गणपतीला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्या तिथे एक छोटी धर्मशाळा चालवत. चतुर्थीला पहाटे म्हातारी माणसे गारठलेल्या पाण्याने अंघोळ करतात, ते त्यांना बघवत नव्हते.

त्या दिवशी सौदा रायभानने केला नाही. नंदाबाईने केला. तिने गिरिजाबाईंना खाली बसवले आणि माझी सगळी हकिकत सांगितली, घणाच्या घावापासून बादल्यांच्या रांगेपर्यंत. शेवटी बजावले, "रोज पेटवायचा. शोभेला ठिवायचा न्हाई. बगा, कबूल असंल तर न्या."

रायभान खांबाला टेकून ऐकत होता आणि हसू दाबत होता.

आता मी राजुरात असतो. माझी तोटी सोडली की थरथरणारे हात पुढे येतात आणि काही वेळाने थरथरायचे थांबतात. ते हात कुणाचे, कुठल्या गावचे, मला ठाऊक नसते. पण त्या प्रत्येक हाताकडून मला जे मिळते, त्याला मी आभार म्हणतो. मीही सगळ्यांचे आभार मानतो. मला घडवणाऱ्या तांबटाचे, घासणाऱ्या द्वारकाबाईंचे, वेळेवर सायकल थांबवणाऱ्या रायभानचे, आणि आपला दिवा देऊन मला राखणाऱ्या नंदाबाईचे.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातल्या अडगळीत माझ्यासारखे कुणी पोत्याखाली पडले असेल, तर त्याला मोडीत देण्याआधी एकदा बाहेर काढा, पुसा आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, की हे काय काम करत होते. तुम्हाला त्याचा उपयोग नसेल, तर ज्याला असेल त्याला द्या. देताना त्याची गोष्टही सोबत द्या. आज चतुर्थी आहे, गिरिजाबाई लाकडे घेऊन आल्या आहेत आणि बाहेर माणसे कुडकुडत उभी आहेत. मला आता तापायला हवे.