राक्षसाच्या पायाखालची माणसं

जुन्या सिनेमाच्या पोस्टरवरचा राक्षस अण्णांनी रंगवून ठेवला होता. पायाखालची माणसं तेवढी राहिली होती. "हॉस्पिटलातून आलो की काढतो," असं सांगून ते गेले ते गेलेच.

दीड महिन्याने तो जुना सिनेमा पुन्हा लागायची वेळ आली. थिएटरचे मॅनेजर दारात येऊन म्हणाले, "ताई, उरलेलं दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ?"

"नको, मी करते," अण्णांची लेक म्हणाली. आजवर तिने पोस्टरवर फक्त अक्षरं काढली होती.

खोली लहान. म्हणून पोस्टर चार तुकड्यांत व्हायचं. एकेक तुकडा जमिनीवर पसरून रंगवायचा. अख्खं चित्र दिसणार ते थिएटरवर चढल्यावरच. तिच्यापुढे राक्षसाच्या पायाचा पंजा तेवढा होता. त्याच्या मानाने तिने माणसं काढली. तीन दिवस खपून, नाकडोळ्यांसकट, शर्टाच्या बटणांसकट.

दुपारी पोस्टर चढलं आणि समोरच्या फुटपाथवर आत्याने कपाळाला हात लावला.

"अगं, हा कसला राक्षस? हे तर दावं तोडून पळालेलं रेडकू!"

माणसं त्याच्या गुडघ्याला लागत होती. मॅनेजर हळूच म्हणाले, "आता हीच त्याला हुसकावून लावतील."

लेकीला हसू फुटलं. दीड महिन्यात पहिल्यांदा. मग घड्याळ बघून ते विरलं. सहाचा खेळ, वाजले होते दोन. आज अण्णांचा राक्षस लोकांच्या हसण्यावारी गेला असता, आणि तोही तिच्या हाताने.

अण्णा माणसं कशी काढायचे? एक ठिपका, खाली दोन फटकारे. तिला तो त्यांचा आळस वाटायचा. आता कळलं, राक्षस मोठा होतो तो त्या ठिपक्यांमुळे!

ती परांचीवर चढली. धुळीच्या रंगाचा डबा उघडून तिने बटणंबिटणं सगळी धुळीत बुडवली. सुकायची वाट न बघता त्यावरच बारका ब्रश चालवला. ठिपका, दोन फटकारे. ठिपका, दोन फटकारे.

"अजून बारीक!" आत्या खालून ओरडली. "त्या डावीकडच्याला अजून पोट आहे!"

"पळून पळून उतरेल हो आजी!" रस्त्यावरून कुणीतरी म्हणालं. बघता बघता गर्दी जमली. जो तो मुकादम झाला. "पुलावर दोन टाका!" "त्या बाईला वाट द्या पळायला!" लेकीचा हात आता भराभर चालला होता, विचारांच्याही पुढे.

साडेपाचला ती खाली उतरली, थिएटरसमोरच्या रांगेपाशी आली आणि वळून तिने वर बघितलं. राक्षस उठून उभा राहिला होता. इमारती त्याच्या घोट्याशी. तिकिटाच्या रांगेतले लोक वर बघत एकेक पाऊल मागे सरत होते.

तीही सरत होती. आत्याने तिचा दंड धरला. "अगं, रस्ता आहे मागे! गाडीखाली जाशील!"

"थांब गं आत्या," ती म्हणाली, "शेपटी अजून नजरेत मावत नाहीये."