वाररेषेपलीकडची सही

समुद्राच्या तळाचा मालक परमेश्वर आहे, याबद्दल टोंगात कुणाचंही दुमत नाही. परमेश्वराच्या वतीनं त्या तळाचा कारभार मात्र नुकुआलोफा या राजधानीतल्या एका बेकरीच्या माडीवर चालायचा, आणि त्याला माणसं तीन होती. साहेब समुद्रतळाच्या जागतिक बैठकीला जमैकाला गेलेले, लेसिएली बाळंतपणाच्या रजेवर. उरलेला केलेपी त्या आठवड्यात एकटाच चार किलोमीटर खोल अंधाराचं सरकार होता.

टोंगाच्या नावावरचा तळाचा तुकडा टोंगापासून फार लांब, जिथं तारीख बदलते त्या वाररेषेच्या पलीकडे होता. तिथं बटाट्याएवढे काळे गोळे पसरलेले आहेत आणि त्यांत बॅटऱ्यांना लागणारे धातू आहेत, असं म्हणतात. केलेपीनं असा एक गोळा पाहिला होता. साहेब त्याचा कागदांवर वजन म्हणून उपयोग करत. गोळे वेचायला परक्या मुलखातल्या एका कंपनीनं घराएवढं यंत्र बांधलं होतं. कंपनी त्यांची, जहाज त्यांचं, नफाही बहुतेक त्यांचाच. जबाबदारी तेवढी टोंगाची. मांडव एकाचा, जेवणारे दुसरे आणि उष्टी काढायला तिसराच, अशातली गत.

रविवारी पहाटेच्या प्रार्थनेहून केलेपी घरी आला, तर कंपनीच्या कॉलिनचा फोन. कॉलिन फार गोड बोलायचा, त्यामुळे केलेपी आधीच सावध झाला. जहाज जागेवर उभं आहे, यंत्र आकड्याला टांगलेलं आहे, चाचणीसाठी खाली सोडायचं तर टोंगाची परवानगी हवी, आणि तीही शनिवार संपायच्या आत, असं त्याचं म्हणणं होतं. नाहीतर जहाज परत फिरवावं लागेल. तुमच्या साहेबांशी बोलणं झालंय, असंही तो जाता जाता म्हणाला.

"पण आज रविवार आहे," केलेपी म्हणाला.

"तुमच्याकडे आहे, मित्रा. आमच्याकडे अजून शनिवारच आहे."

यात खोटं काही नव्हतं. टोंगात दिवस जवळजवळ सगळ्या जगाच्या आधी उगवतो, आणि त्याचा लोकांना अभिमानही आहे. पण टोंगात रविवार म्हणजे रविवार. विमानं उडत नाहीत, होड्या सुटत नाहीत, कुणी दोरीवर कपडे वाळत घालत नाही. कचेरीखालची बेकरीसुद्धा संध्याकाळीच उघडते, आणि तीही एका जुन्या वादळानंतर मिळालेल्या सवलतीवर. रविवारी केलेला करार कायद्यानं रद्द, असं राज्यघटनेतच लिहून ठेवलेलं आहे. हे केलेपीला शाळेपासून पाठ होतं.

त्यानं साहेबांना फोन लावला. साहेब कुठल्याशा मेजवानीत होते. सही करून टाक, मी आल्यावर बघतो, जहाज परत गेलं तर मात्र मी तुझ्याकडे बघीन, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

केलेपीनं मग एक विचार केला, आणि शिकलेला माणूस घाबरला की करतो तसा तो फार तर्कशुद्ध केला. सही जहाजासाठी आहे. जहाज वाररेषेच्या पलीकडे आहे. तिथं शनिवार आहे. म्हणजे सहीसुद्धा शनिवारचीच. लुपे, त्याची बायको, परसात खड्ड्यातल्या भट्टीचे दगड तापवत होती. तिला त्यानं कचेरीत पंखा चालू राहिलाय म्हणून सांगितलं.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एका कुंपणाआडून डुकरीण आपली पिलं घेऊन निघाली, त्याला पाहून थांबली आणि तो जाईपर्यंत बघत राहिली. माडीवर त्यानं खिडक्या न उघडताच कागद काढला, सही केली, तारीख शनिवारची घातली आणि शिक्का मारला. शिक्क्याचा आवाज रिकाम्या इमारतीत इतका मोठा झाला की तो काही वेळ जिना ऐकत उभा राहिला. कुणी आलं नाही. त्यानं फोटो काढून पाठवला, आणि मग, पाठवून झाल्यावर, कागद पहिल्यांदा नीट वाचला. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की तळाला किंवा तळावरच्या जीवांना काही हानी पोचल्यास परवानगी देणारा देश उत्तर देईल. खाली देश म्हणून केलेपीची सही होती.

देवळात त्याची वैसिमा आत्या पुढच्या बाकावर बसलेली होती. टोंगात राजाखालोखाल कुणाला भ्यायचं असेल तर बापाच्या थोरल्या बहिणीला. तिच्यासमोर आवाज चढवत नाहीत, तिच्या पानातलं खात नाहीत, आणि तिनं तुमच्या घरातलं कपाट मागितलं तर कपाट पोचवण्यापुरतंच बोलतात. पाद्रीबाबांचं प्रवचन त्या दिवशी दुसऱ्याच्या अळूच्या वाफ्यात शिरणाऱ्या डुकरांवर होतं. तरी "न विचारता शिरणं" हे शब्द आले आणि केलेपीनं रिवाजाप्रमाणे कमरेला बांधलेली चटई घामानं ओली झाली.

दुपारी भट्टी उघडली. नारळाच्या दुधातलं मांस अळूच्या पानांत मऊ शिजलं होतं. आत्यानं पहिला घास घेतला आणि जमीन हलली.

फार नाही. कपाटातल्या बश्या वाजल्या, दिवा झुलला. सगळे हात थांबले आणि प्रत्येकजण कान देऊन बसला. मग किनाऱ्याकडून भोंगा सुरू झाला.

समुद्रातला ज्वालामुखी फुटून लाट आली ते वर्ष ज्यांनी पाहिलंय त्यांना भोंग्याचा अर्थ सांगावा लागत नाही. लुपेनं भांडं उचललं, केलेपीनं आत्याला उचललं, आणि गाडी टेकडीकडे निघाली. टेकडी म्हणजे टोंगातली टेकडी. दुसऱ्या देशात तिला गतिरोधक म्हणाले असते. वर सगळं गाव रविवारच्या कपड्यांत उभं होतं, कमरेच्या चटया बांधून, कुणाच्या हातात बायबल, कुणाच्या हातात भाजलेलं डुक्कर. सगळे एकाच बाजूला, समुद्राच्या रेषेकडे बघत होते. पाणी मागे सरतंय का, एवढंच बघायचं असतं. सरत असलं, तर मग काही बघायचं उरत नाही.

केलेपीला मात्र पाणी दिसत नव्हतं. त्याला ते घराएवढं यंत्र दिसत होतं, त्याच्या सहीवर बसून काळ्या पाण्यातून खाली खाली चाललेलं. ते तळाला टेकलं असणार आणि तिथं काहीतरी जागं झालं असणार. यंत्र हजारो मैलांवर आहे हा हिशोब त्याला येत होता, पण पटत नव्हता. शेवटी गाडीच्या दारापाशी खाली बसून, मान वर न करता, त्यानं आत्याला सगळं सांगितलं.

आत्याची नजर पाण्यावरच होती. मागच्या लाटेनं तिचं पश्चिम किनाऱ्यावरचं घर नेलं होतं, अगदी पायरीसकट.

"तारीख कुठली घातलीस?"

"शनिवारची."

"म्हणजे रविवारी काम केलंस आणि वर खोटंही बोललास. एका फेरीत उरकलंस की."

"आत्या, माझ्यामुळं तर नाही ना हे?"

"तुझ्यामुळं? तुझ्या सांगण्यानं घरातली कोंबडी उठत नाही केलेपी, समुद्र काय उठतोय." तिनं मांडीवरचा पंखा मिटला. "पण खाली काही बिघडलं, तर माणसं कुणाच्या दाराशी येतील?"

केलेपी पायाजवळचं गवत उपटू लागला.

"आपल्याच ना? मग उद्या ती सही मागं घे."

"साहेब नोकरीवरून काढतील."

"काढू देत. घर गेलं तेव्हा मला कुणी नोटीस दिली होती?"

संध्याकाळच्या सुमारास भोंगा बंद झाला. पाणी जागच्या जागी होतं. लोकांनी स्तोत्र म्हटलं, डुक्कर वाटून घेतलं आणि माणसं घरी गेली. समुद्राला केलेपी चुकवू शकला होता. सोमवार अजून यायचा होता.

सोमवारी तो बेकरी उघडायच्या आधी माडीवर गेला. त्यानं कंपनीला लिहिलं की सदर परवानगी रविवारी दिली गेली, शनिवारची तारीख चुकीची होती, आणि राज्यघटनेप्रमाणे ती रद्द आहे. सबब यंत्र पाण्यात सोडू नये, सोडलं असल्यास तत्काळ वर घ्यावं. "तत्काळ" हा शब्द त्यानं दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा टंकला. एक प्रत साहेबांना पाठवली. मग टेबलावरची आपली दोन खणांची चीजवस्तू त्यानं एका पिशवीत भरली, पिशवी मांडीवर घेतली आणि फोनकडे बघत बसला. देशाच्या वतीनं त्यानं पहिल्यांदाच कुणाला नाही म्हटलं होतं. त्याचा त्याला थोडा अभिमानही होता, हे नाकारता येणार नाही.

खालून पावाचा वास वर आला. साहेबांचा फोन आला नाही. जमैकात अजून रविवार होता. रविवार कंपनीकडेही होता, तरी दुपारी तिचं उत्तर आलं, कॉलिनचं नव्हे, कचेरीतल्या कुणा बाईचं. तिनं पत्राबद्दल मनापासून आभार मानले होते. परवानगी फक्त फायलीला लावण्यासाठी हवी होती आणि तारखेबद्दल त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं.

यंत्र सहीआधीच्या बुधवारीच तळाला गेलं होतं.