'तपासलं'चा रकाना

मी टेस्ट पायलट कशी होणार, याचा आराखडा बाबांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. ते विमानांचे मेकॅनिक. त्यामुळे कागदही हँगरमधल्यासारखाच: डावीकडे काम, उजवीकडे 'केलं' आणि 'तपासलं' असे सहीचे दोन रकाने. इंजिनियरिंगची पदवी, हवाई दल, उड्डाणाचे पंधराशे तास, इन्स्ट्रक्टरचा कोर्स. 'केलं'मध्ये माझी सही, 'तपासलं'मध्ये त्यांची.

"आपलं काम आपणच तपासायचं नसतं," ते म्हणायचे. "आपली चूक म्हणजे पोटचं पोर. लाडच होतात."

शेवटची ओळ होती टेस्ट पायलट स्कूलच्या अर्जाची. वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची, आणि मुदत आज सहापर्यंत. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. वैमानिकांना एकेका खडखडीबद्दल खोदून विचारणारा हा माणूस, छातीत कळ येत असताना डॉक्टरांना "तसा ठणठणीत आहे" म्हणाला होता.

आई शिलाई मशीनपाशी कुणाचा तरी कोट उसवत बसली होती. मी अर्जाची छापलेली प्रत तिच्यापुढे ठेवली.

"हे काय?"

"तपासायचंय."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"बाबांना तरी शिवणातलं काय कळायचं? पण प्रत्येक बटण ओढून बघायचे."

"बघायचे कसले, तोडायचे." ती हसता हसता थांबली. कात्री खाली ठेवली. "विमान कुठे बिघडतं ते बघायला तुलाच का बसायचंय त्यात? धड उडणारी संपली का सगळी?"

"ती धड उडतात, कारण आधी कुणीतरी बसलेलं असतं."

तिने चष्मा लावला, शिवणाचा खडू घेतला आणि ओळ न् ओळ वाचू लागली. माझं लॉगबुक मागून तास पडताळले. चौथ्या पानावर थांबली.

"अपघात झाल्यास कुणाला कळवायचं, तिथे नंबर कुणाचा दिलायस?"

बाबांचा होता. दर अर्जात तोच लिहीत आले होते. हा अर्ज मी तीनदा वाचला होता.

"कोण उचलणार आता हा फोन?" तिने हळूच विचारलं.

कोटावर चुकलेल्या टाक्याला करते तशी तिने त्या नंबरावर खडूची तिरकी रेघ मारली. मग कितीतरी वेळ खडू बोटांत फिरवत राहिली.

"माझा लिही," ती म्हणाली. "आणि नीट लिही. शेवटी दोन सात आहेत. तू नेहमी एक खातेस."

मी दुरुस्ती केली, दोन्ही सात तिला मोठ्याने वाचून दाखवले. पाच वाजून दहा मिनिटांनी अर्ज गेला.

कपाटाचं दार उघडून मी 'केलं'मध्ये सही केली आणि पेन तिच्या हातात दिलं. बाबांच्या सह्यांच्या खाली तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"याच्यानंतर काय असतं?"

"मुलाखत."

"मग लिही की खाली. आणि रकाने दोन्ही आख."