तिसऱ्या पानावरचा मजकूर

गुरुवारी त्या घरात कुणाला जेवायची शुद्ध नसायची. पुढच्या खोलीत साप्ताहिकाचं ऑफिस, मधल्या खोलीत संसार आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये छपाईचं मशीन. सासूबाई वर्गणीदारांच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवत होत्या, सूनबाई संगणकावर पानं लावत होती आणि संपादक, म्हणजे घरातले बाबा, कपाळावर चष्मा ठेवून चष्माच शोधत होते.

"कपाळावर बघा," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "जगाची भानगड दिसते, स्वतःचा चष्मा दिसत नाही!"

शेडमध्ये मशीनमामा मोठ्यानं हसले. मामा तसे कुणाचेच मामा नव्हते. एकतीस वर्षं त्या मशीनपाशी काढली, एवढंच नातं. अंक छापून झाला की ते स्टुलावर बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि वाचलेल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. छापलंय म्हणजे साहेबांनी तपासलंय, इतकं साधं त्यांचं गणित होतं.

मामा राहायचे रंगाच्या कारखान्यामागच्या गल्लीत. ऐंशी घरं, एक बोअर. मामींच्या किडन्या आधीच अधू होत्या, आणि गेलं वर्षभर त्या बोअरच्या पाण्याला पिवळट झाक आली होती. सूनबाई या पेपरची एकुलती एक बातमीदार. तिनं बाटल्या भरून पाणी तपासायला पाठवलं. अहवाल आला. कारखान्याचं सांडपाणी जमिनीत मुरत होतं आणि पाण्यात किडन्यांचा नास करणारे धातू उतरले होते. बातमी लिहायच्या आधी तिनं मामांना गाठलं.

"मामा, मामींना ते पाणी अजिबात देऊ नका. घोटभरही नको."

मामांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून सायकलला दोन कॅन लटकवून ते बाजारातल्या नळावरून पाणी आणू लागले.

बातमी तयार होती. पण पेपरच्या जिवावर जगणारे सगळे त्या कारखान्याच्या जाहिरातीवर जगत होते. नुकताच तीन महिन्यांचा करार झाला होता. दर आठवड्याला मागचं अख्खं पान, शिवाय तिसऱ्या पानावर एक लेख. लेखात काय, तर गृहिणींनो, नळ बंद ठेवा, कापडी पिशवी वापरा, पृथ्वी वाचवा! वा रे वा! जमिनीत सांडपाणी मुरवणारा तोंड वर करून बायकांना नळाची तोटी घट्ट करायला शिकवत होता.

"बाबा, एक निधी आहे," सूनबाई म्हणाली. "वाचकांनी वर्गणी काढून उभा केलाय. कारखाने हवा-पाणी नासवतात त्याच्या बातम्या करणाऱ्या लहान पेपरांना ते वर्षभराचा खर्च देतात. अट एकच आहे. ज्याची बातमी करायची त्याची जाहिरात घ्यायची नाही."

"आणि वर्षानंतर काय? हातात कटोरा घेऊ?" बाबा वैतागले. "तुझी बातमी मी मारत नाहीये गं. करार संपू दे. तीन महिन्यांनी पहिल्या पानावर लावतो, शब्द देतो."

तीन महिने! जणू पाणीही करार वाचून थांबणार होतं.

आता तुम्ही म्हणाल, संपादकच विकाऊ निघाला. जरा थांबा. हा पेपर तुम्ही अर्ध्या चहाच्या पैशात घेता, नाहीतर शेजाऱ्याकडून मागून आणता, आणि वर्गणी मागायला कुणी आलं की आतून "घरी नाहीत" म्हणून सांगता. बाकीचे पैसे कुठून येतात, हे तुम्ही कधी विचारलंत का? नाही विचारलंत. बाबांनाही आता ते विचारायची सवय राहिली नव्हती.

त्या गुरुवारी तिसऱ्या पानासाठी कारखान्याकडून नवा मजकूर आला. मथळा होता, 'कारखाना परिसरातील पाणी पूर्णतः सुरक्षित'. सूनबाईचं डोकं भडकलं. शेवटी भांडून भांडून तिनं मजकुराच्या डोक्यावर 'जाहिरात' असा ठळक शब्द टाकला, छपाईची प्लेट करून शेडमध्ये दिली आणि तणतणत बाहेर पडली.

ती गेली आणि फोन वाजला. पलीकडे कारखान्याचा जनसंपर्क अधिकारी. ऑफिसात सगळे त्याला गोडसाहेब म्हणत, कारण शिवी द्यायची झाली तरी तो आधी तब्येत विचारायचा.

"काका, तब्येत बरी आहे ना? ते 'जाहिरात' तेवढं काढून टाका. बातमीसारखं दिसू दे. आता पुढचा करार तुमच्याच हातात आहे, मी काय बोलू?"

बाबांनी रिसीव्हर ठेवला. ते शेडच्या दारात गेले.

"मामा, तिसऱ्या पानावरचा वरचा शब्द काढा."

मामांनी प्लेटवरून तो शब्द काळजीपूर्वक पुसला. मशीन सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी अंक हातात आल्यावर सूनबाईनं घर डोक्यावर घेतलं. सासूबाईंनी दोन दिवस बाबांशी अबोला धरला आणि पुढचा गुरुवार आला. या सगळ्यात मामांशी बोलायचं मात्र कुणाला सुचलं नाही. मामांना तर सगळं ठाऊकच आहे, असं सूनबाई धरून चालली. सायकलला कॅन दिसेनासे झाले, हेही तिच्या लक्षात आलं नाही.

त्या अंकानंतर सातव्या आठवड्यात मामींना इस्पितळात हलवावं लागलं. अंगावर सूज, लघवी बंद. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

इस्पितळाच्या बाकावर मामा हातात रिकामी पिशवी धरून बसले होते. शेजारी सूनबाई, समोर बाबा उभे. डॉक्टरांनी पाण्याबद्दल विचारलं तेव्हा मामांनी बोअरचं नाव घेतलं होतं.

"मामा, अहो मी सांगितलं होतं ना!" सूनबाईला रडू आवरेना. "नको म्हटलं होतं ना ते पाणी!"

"सांगितलं होतंस की. म्हणून तर कॅन आणत होतो. पण मग आपल्या पेपरात आलं ना, पाणी चांगलं आहे म्हणून."

"मामा, ती जाहिरात होती!"

"जाहिरात कशी असेल?" मामांनी गोंधळून तिच्याकडे पाहिलं. "तो शब्द साहेबांनीच काढायला लावला. या हातांनी पुसला मी. मी हिला घरी जाऊन सांगितलं, अगं, सूनबाईंना शंका होती, पण साहेबांनी शहानिशा केली. जाहिरात नाही, खरी बातमी आहे, म्हणून तर शब्द काढला." मग ते बाबांकडे वळले. "होय ना साहेब?"

 बाबा भिंतीला टेकले आणि हळूहळू खाली बसले. मामांना उत्तर मिळालं.

त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी निधीचा अर्ज स्वतः भरला. तीन आठवड्यांनी होकार आला. तोवर कारखान्याचं एकही पान त्यांनी लावलं नाही. गोडसाहेबाचा फोन आला तेव्हा त्यानं तब्येतही विचारली नाही.

पहिल्या पानावर सूनबाईची बातमी लागली, अहवालासकट. तिच्या शेजारी चौकटीत बाबांनी स्वतःच्या नावानं लिहिलं, की अमुक अंकातला तिसऱ्या पानावरचा मजकूर पैसे घेऊन छापला होता, आणि तसं सांगणारा शब्द मी काढायला लावला. अंक छापायला मामा आले. बाबांनी त्यांच्यापुढे हात जोडले.

"मामा, मला माफ करा."

"माफीचं मी काय करू, साहेब?" मामा कोरड्या आवाजात म्हणाले. "गल्लीत अजून ऐंशी घरं तेच पाणी पितात. त्यांनीही तुमचा पेपर वाचलाय. त्यांना जाऊन सांगा."

म्हणून शुक्रवारी सकाळी बाबा अंकांचा गठ्ठा काखेत मारून त्या गल्लीत गेले. सूनबाई आणि मामाही बरोबर होते. पहिल्याच घरातली बाई दारात बादली विसळत होती. तिनं अंक वाचला, परत दिला आणि कमरेवर हात ठेवला.

"काका, तेव्हा छापलंत पाणी चांगलं, आता छापता पाणी वाईट. या वेळी पैसे कुणी दिले?"

"वाचकांच्या निधीनं," सूनबाईनं सांगितलं. "वर्षभरासाठी."

"म्हणजे दिलेच कुणीतरी. आणि वर्ष संपलं की पाणी पुन्हा चांगलं होणार, होय ना?" ती बादली उचलून बोअरच्या दिशेनं निघाली.

बाबा काही बोलायला गेले. तिनं हातानंच थांबवलं. "तुमच्याकडून नको. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना बोलू दे."

मामा पुढे झाले. बायको कशी सुजली, शेवटचे चार दिवस कशी तळमळली, हे त्यांनी सांगितलं. कॅन आणणं आपणच बंद केलं, हेही सांगितलं. त्या प्लेटवरचा शब्द आपल्याच हातांनी पुसला, हे सांगताना त्यांनी दोन्ही हात तिच्यापुढे धरले. बाईनं बादली खाली ठेवली.

मग दुसऱ्या दारात. तिथेही पेपर कुणी घेतला नाही, मामांनाच विचारलं, आणि मामांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्या दारात तेच. सूनबाईनं रडत रडत म्हटलं, मामा, पुरे, मी सांगते. त्यांनी मान हलवली आणि पुढची कडी वाजवली. बाबा गठ्ठा काखेत धरून त्यांच्या मागे उभे राहत. दुपारपर्यंत चाळीस घरं झाली होती. अजून चाळीस बाकी होती.