बॉनेटवरचं सारवण

सुमतीबाईंचा चातुर्मासाचा नेम दरवर्षी नवा असे. एका वर्षी त्यांनी चार महिने पानात मीठ वाढून घेतलं नाही. एका वर्षी रोज एका अनोळखी माणसाला आपणहून नमस्कार करायचं धरलं, तर भाद्रपद संपता संपता त्यांना गल्लीत अनोळखी माणूसच सापडेना. यंदा घरात गाडी आली होती. आल्हादची, म्हणजे त्यांच्या मुलाची, पहिलीच गाडी. काळीभोर. गोडाऊनच्या ऑफिसात जायला आल्हाद ती रोज कंटेनरांच्या रांगेतून काढायचा, आणि तो परत येईपर्यंत आईचा जीव टांगणीला. म्हणून आषाढी एकादशीला त्यांनी मनाशी धरलं, की कार्तिकीपर्यंत रोज पहाटे देवापुढच्या उदबत्तीचा अंगारा गाडीच्या कपाळी लावायचा, 'सुखरूप ने, सुखरूप आण' म्हणायचं, आणि मऊ फडक्याने अकरा वेळा हात फिरवून पुसून घ्यायचा. नेम कुणाला सांगायचा नसतो, सांगितला की त्याचं बळ जातं. त्यामुळे घरात कुणाला पत्ता नव्हता.

गणपती गेले, पाऊस उघडला. अडीच महिन्यांचा चिखल घालवायला आल्हादने गाडी वाडा रोडच्या सुगतकडे धुवायला आणि पॉलिश करायला दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी लख्ख ऊन पडलं आणि आल्हाद गाडीजवळ जाऊन थिजल्यासारखा उभा राहिला. बॉनेटवर कोळ्याचं जाळं पसरावं तसे गोल गोल ओरखडे. उन्हात नुसते चमचमत होते.

"आई, बघ तुझ्या विद्यार्थ्याचे प्रताप," तो म्हणाला. "नवीन मशीन आणलंय म्हणे. चालवायला येत नाही तर आणायचं कशाला?"

सुगत खरोखरच बाईंचा विद्यार्थी. दिघाशीच्या शाळेत त्यांनी त्याला पहिली ते चौथी शिकवलं होतं. त्या काही बोलायच्या आत आल्हादने फोटो काढला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'वाडा रोडच्या सुगतकडे कुणी गाडी देऊ नका. मशीनने पेंटची वाट लावली.' रात्रीपर्यंत चाळीस जणांनी वाचलं. तिघांनी हात जोडून आभारही मानले.

सुगतचा मात्र फोन आला, की दादा, गाडी परत आणा, काय झालंय ते बघतो आणि काढून देतो.

म्हणून सकाळी मायलेक दुकानात हजर झाले. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, आणि आतल्या भिंतीवर बुद्धाची नि बाबासाहेबांची तसबीर. आल्हादला ड्युटी होती. मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसताना तो आईला म्हणाला, "तू इथेच बस. लक्ष ठेव जरा, नाहीतर परत बॉनेटवर काहीतरी फिरवेल."

"ठेवते," सुमतीबाई म्हणाल्या.

सुगतची आई कलावती दोरीवर फडकी वाळत घालत होती. तिने लगबगीने खुर्ची पुसून दिली आणि चहा टाकला.

"एकभुक्त असेल न्हाय का बाई तुमचं? चहा चालंल?"

"चहा जेवणात धरत नाहीत," सुमतीबाई हळूच म्हणाल्या. कलावतीला हसू आलं. तिचाही वर्षावास चालू होता. आषाढ पौर्णिमेपासून रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला जायचं आणि तीन महिने खोटं बोलायचं नाही, असं तिने धरलं होतं. नेमाच्या बाया एकमेकींना ओळखतात.

सुगतने बॉनेट धुतलं, पुसलं, मग स्पिरिटचा हात फिरवून परवा चढवलेलं मेण पार उतरवलं. शेडचा पडदा ओढून अंधार केला आणि टॉर्च तिरपा धरून तो वाकून बघत बसला.

"फार वाईट आहे का रे?" बाईंनी विचारलं.

"वाईट न्हाय बाई, इचित्र हाय." तो डोकं खाजवत म्हणाला. "मशीनचा डाग वेगळा असतो. पॅड वाकडं पडलं की पंख्याच्या पात्यासारखे रुंद पट्टे उमटतात. हे तर केसासारखे बारीक चरे हायत. आणि मी मशीननं नुसतं मेण चढवलं होतं, तेबी मऊ पॅडनं. त्या संध्याकाळी आभाळ भरलेलं, मला काय दिसलं न्हाय. टॉर्च मारून बघाया पायजे होतं, ती चूक माझी." मग गाडीला एक फेरी मारून म्हणाला, "आणि सगळे डाव्या बाजूलाच. उजवीकडं एक न्हाय."

कलावती ओले हात पदराला पुसत आली आणि मुलाच्या खांद्यावरून डोकावली.

"हे तर सारवण हाय," ती म्हणाली.

"काय?"

"अंगण सारवतात तसं. एका जागी ऱ्हाऊन हात फिरवला की असाच फिराटा पडतो. आमच्या आळीत कुणी अंगण सारवलंय ते मी फिराट्यावरनं सांगते. वनिताचा हात तोकडा, माझा लांब." तिने बॉनेटच्या वर हात धरून माप घेतलं. "ही बाई ठेंगणी हाय. हितं उभी ऱ्हाती, हितनं पुढं तिचा हात पोचत न्हाय. आणि नेमाची हाय."

"नेमाची कशावरून?" सुमतीबाईंचा आवाज मुळातच हळू, तो आणखी खाली गेला.

"बोटभर इकडंतिकडं न्हाय बगा. रोज त्याच ठिपक्यापासनं सुरू केलंय. घाईतल्या माणसाचं काम असं नसतं."

सुमतीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांपुढे पहाटेचा तो ठिपका उभा राहिला. त्यांच्या तीन बोटांचा.

"कलावती," त्या म्हणाल्या, "राखेनं चरे पडतात का गं?"

"आता काय सांगू. राखेनं आपण टोप घासतो, बाई."

सुगत मशीनची वायर लावत होता. तो तसाच थांबला. कलावतीने एकदा बाईंच्या हाताकडे पाहिलं, एकदा बॉनेटकडे, आणि तोंडाला पदर लावून मटकन स्टुलावर बसली. तिचे खांदे हलत होते. हसणं आवरल्यावर तिने विचारलं, "किती दिवस?"

"आषाढीपासून," सुमतीबाई म्हणाल्या. "अंगारा होता गं. देवाचा."

"देवाचा असला तरी खरखरीतच की."

सुगत पुढे आला आणि गुडघ्यांवर बसला, चौथीत पाटी दाखवायला बसायचा तसा. "बाई, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. चरे वरच्या पारदर्शक थरातच हायत, रंगापर्यंत गेले न्हाईत. दुपारपर्यंत निघतील. आणि दादांना काय सांगू नका. मशीननं पडले, मशीननं काढले, इषय संपला. माझ्यावर ऱ्हाऊ दे."

"तुझ्यावर का म्हणून?" कलावती कडाडली. "सकाळपासनं दोन गाड्या येणार होत्या, आल्या का? बिल्डिंगीच्या ग्रुपवर नाव गेलंय तुझं."

"आई, बाईंनी मला बाराखडी शिकवली."

"मंग काय, गुरुदक्षिणेत आपलं दुकान देतोस?" ती बाईंकडे वळली, पण आवाज उतरला होता. "तुम्हाला मी काय बोलत न्हाय. पण माझा वर्षावास हाय. दादांनी मला इचारलं तर मी खरं सांगून मोकळी होईन. आधीच सांगून ठेवते, मागनं राग नको."

आल्हाद रागावेल याचं सुमतीबाईंना भय नव्हतं. तो हसेल, चार जणांत सांगेल, तेही सोसता आलं असतं. पण तो म्हणेल, 'बंद कर ते.' आणि एकतीस वर्षांत त्यांचा एकही नेम अर्ध्यावर मोडला नव्हता. कार्तिकी अजून दीड महिना लांब होती. गप्प बसलं, अंगारा तेवढा बॉनेटऐवजी मनातल्या मनात लावला, तर कुणाला काही कळणार नव्हतं. माझ्या नेमात खोटं बोलू नये असं काही नव्हतं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची त्यांना इतकी लाज वाटली की त्या खुर्चीवरून उठूनच उभ्या राहिल्या.

"सुगत, सगळं काढू नकोस. हातभर चौकट तशीच ठेव. आल्हाद येईपर्यंत."

"बाई, कशाला?"

"मी सांगते म्हणून."

या वाक्यापुढे सुगतचं चौथीतही काही चाललं नव्हतं. त्याने चिकटपट्टी लावून चौकट आखली आणि कामाला लागला. आधी थोडं दरदरीत पॉलिश नि टणक पॅड, मग बारीक पॉलिश नि मऊ पॅड. मशीन बॉनेटवर ठेवल्यावरच चालू करायचं, जोर द्यायचा नाही, सरळ आडव्या ओळी, मग सरळ उभ्या. कडेला आलं की मशीन उचलायचं, कारण कडेला थर पातळ असतो. दोन हात मारले की पुसायचं, टॉर्च मारायचा, परत. जाळं विरघळत गेलं आणि त्याखालून काळं पाणी वर यावं तसा रंग दिसू लागला. सुमतीबाई एकटक बघत होत्या.

"हाताने करून बघू का मी?" त्यांनी विचारलं.

त्याने एक मऊ फडकं नि पॉलिशचा थेंब दिला. "सरळ रेघा, बाई. गोल न्हाय."

सुमतीबाईंनी दोन रेघा सरळ ओढल्या. तिसरीला हात आपोआप वळला. चौथीला पुन्हा.

"शुद्धलेखनात रेघ सोडली की तुम्ही छडी दाखवायच्या," सुगत म्हणाला.

"दाखवायचे. मारली कधी?"

"एकदा."

"मग ती बरोबरच असेल," बाई म्हणाल्या आणि फडकं परत दिलं.

पाचच्या सुमारास आल्हाद आला. शेडचा पडदा वर होता आणि तिरपं ऊन थेट बॉनेटवर पडलं होतं. आरशासारखं झालं होतं ते. फक्त डाव्या बाजूला चिकटपट्टीची चौकट, आणि चौकटीत जाळं.

"हे एवढं राहिलंच की," तो म्हणाला. "म्हणून म्हटलं आई, लक्ष ठेव."

सुमतीबाई गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, रोज पहाटे राहायच्या तिथेच. चौकटीच्या वर बोटभर अंतरावर त्यांनी रिकामा हात धरला आणि एकदा फिरवला. खालचा चरा हाताबरोबर वळला, तळहाताच्या सावलीसारखा.

"अकरा वेळा," त्या म्हणाल्या. "आषाढीपासून रोज. अंगारा लावून."

आल्हादला कळायला वेळ लागला. "म्हणजे राख?"

"अंगारा."

"आई, ती गाडी आहे. टोप नाही."

"ते मला आज सकाळी कळलं."

आल्हादने सुगतकडे पाहिलं. सुगत वायर गुंडाळण्यात फार गुंतला होता. "तुला माहीत होतं?"

"सकाळपासनं."

"मग फोन करून सांगायचं नाही का?"

"त्याला बोलाया तुम्ही जागा कुठं ठेवलीया?" कलावती म्हणाली. "तुम्ही आधीच गावाला सांगून मोकळे झालात."

आल्हादचा चेहरा उतरला. त्याने खिशातून फोन काढला. "मी ते डिलीट करतो."

"पुसून काय होणार?" सुमतीबाई म्हणाल्या. "वाचलेलं पुसलं जात नाही. त्याच्याच खाली लिहायला हवं."

"काय लिहू? आईने गाडीला राख फासली?"

"तू नको लिहूस. माझं मी लिहिते."

त्यांनी आल्हादच्या हातातला फोन घेतला, चष्मा लावला आणि एका बोटाने लिहायला घेतलं. दहा मिनिटं लागली. मध्ये रस्त्यावरून वाड्याची एसटी गेली. 'सर्वांना नमस्कार. आल्हादच्या गाडीवरचे ओरखडे सुगतच्या मशीनचे नाहीत. मी रोज सकाळी अंगारा लावून गाडी पुसत होते, त्याने ते पडले. सुगतने ते काढून दिले, आणि माझं नाव पुढे येऊ नये म्हणून दोष स्वतःवर घ्यायला निघाला होता. त्याच्याबद्दल लिहिलेलं चूक आहे. – सुमती.' पाठवून त्यांनी फोन पालथा ठेवला, गरम तवा ठेवावा तसा.

तो लगेच किणकिणला. आल्हादने उचलून वाचलं आणि त्याच्या ओठांचे कोपरे हलले. तळमजल्यावरच्या अवधूतरावांनी लिहिलं होतं, 'आमच्याकडे नारळाच्या शेंडीने धुतात. मी आजवर कंपनीला शिव्या देत होतो. सुगतचा नंबर पाठवा.' त्याच्याखाली दुसऱ्या मजल्यावरच्या सुकन्याने कबूल केलं होतं, की तिने भांड्यांची घासणी वापरली, आणि नवऱ्याला हे अजून माहीत नाही. त्याच्याखाली तिच्या नवऱ्याने लिहिलं होतं, 'आता माहीत झालं.'

आल्हाद सुगतसमोर जाऊन उभा राहिला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं आधी."

"दादा, मला पण वाटलं होतं मशीनचंच असंल," सुगत म्हणाला. "रात्रभर झोप न्हाय आली."

मग आल्हाद आईकडे वळला. ज्याची धास्ती होती तो प्रश्न आलाच, पण जरा मऊ होऊन. "आणि उद्या पहाटे काय?"

सुमतीबाई बॉनेटकडे बघत राहिल्या. उत्तर कलावतीने दिलं.

"टायरला लावा की. बॉनेट नुसतं पुढं बसून ऱ्हातंय. सुखरूप नेतंय ते टायर."

सुमतीबाईंनी यावर नीट विचार केला. दसऱ्याला चाकाखाली लिंबू ठेवतो, मग अंगाऱ्याला काय हरकत. शिवाय रबराला चरे दिसत नाहीत.

"चार लागतील मग," त्या म्हणाल्या. "अकरा अकरा वेळा."

"आई, चव्वेचाळीस होतात. रोज."

"नेम वाढवलेला चालतो. कमी करता येत नाही."

आल्हादने हात टेकले. सुगतने तोवर चिकटपट्टी सोलून काढली होती आणि मऊ पॅडवर पॉलिशचे चार थेंब टाकले होते.

"दादा, ऊन उतरलं," तो म्हणाला. "जरा टॉर्च धरता का? तिरपा. आणि हलवू नका."

आल्हादने बाह्या सारल्या आणि टॉर्च धरला.