मागच्या तारखेची रजा

चिमण आश्रमशाळेत तीस वर्षं शिपाई होता, आणि रजेच्या अर्जात त्याचा हात धरणारा अख्ख्या तलासरीत कोणी नव्हता. एकेका मावशीला त्याने अर्जात दोन-दोनदा मारलं होतं. त्यामुळे वकील रुचिकाबाई फोनवर म्हणाल्या, "काका, कोर्टाची रजा मागावी लागेल. कारण लिहून आणा, तारखेनिशी," तेव्हा त्याला हसूच आलं. एवढंच ना!

रुचिकाबाई डहाणूच्या, घरची भाषा गुजराती. त्यांच्या घरात रजा म्हणजे परवानगी. चिमणची रजा म्हणजे सुट्टी. अच्छाडच्या नाक्यावर, ट्रकच्या हॉर्नमध्ये, हा फरक त्याला सांगणार कोण?

दुखणं मात्र खरं होतं. चारोटीच्या एका दुकानदाराने चिमणच्या बायकोवर, रखमीवर, फ्रीजरच्या पैशांचा दावा लावला होता. रखमी नुसता भाव विचारून, आधारची झेरॉक्स देऊन आली होती. दुकानदाराच्या कागदावर मात्र तिची सही, तारीख अठरा एप्रिल. असल्या दाव्यात कोर्टाने परवानगी दिल्याशिवाय आपली बाजूही मांडता येत नाही. निकाल थेट समोरच्याच्या पदरात. म्हणजे रखमीची भजीची टपरी गेलीच. बाईंनी दोनदा विचारलं, "तुमचा बचाव काय?" रखमीचं एकच पालुपद, "नाय घेतला म्हंजे नाय घेतला!"

चिमण टपरीच्या बाकड्यावर ऐटीत बसला. सवयीने 'मा. मुख्याध्यापक' लिहिलं, खोडलं, 'मा. न्यायाधीश साहेब' केलं.

"विषय: मागील तारखेची रजा मिळणेबाबत. माझी पत्नी दि. १८ एप्रिल रोजी चारोटी येथे सहीस हजर राहू शकली नाही. कारण ती धवलेरी असून त्या दिवशी उधवा येथे गाणी म्हणून तेथील ठकीचे लग्न लावीत होती. लग्न लागेपर्यंत धवलेरीस मांडव सोडता येत नाही. तरी गैरहजेरी माफ व्हावी. सोबत लग्नपत्रिका व फोटो."

जन्मात पहिल्यांदाच अर्जात खरं कारण लिहिलं होतं, म्हणून त्याला जरा धाकधूक वाटत होती.

परवानगी मागायच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर रुचिकाबाईंनी अर्ज वाचला आणि हसता हसता त्या खालीच बसल्या. डोळे पुसून पुन्हा वाचला, तशा ताडकन उठल्या.

"काका, हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही रजा आत्ता मागितली ना!"

बाईंनी रीतसर अर्ज केला, प्रतिज्ञापत्राला पत्रिका आणि फोटो जोडले. पुढच्या तारखेला दुकानदाराच्या वकिलाने पुष्कळ आदळआपट केली. न्यायाधीशांनी पत्रिका आणि फोटो पाहिला, दुकानदाराच्या कागदावरची तारीख पाहिली, आणि म्हणाले, "यात तपासण्यासारखं आहे. बचावाची परवानगी मंजूर. बिनशर्त."

चिमणच्या कानांनी 'मंजूर' तेवढं पकडलं. बाहेर येताच त्याने हळूच विचारलं, "बाई, पगारी का बिनपगारी?"

पट्टेवालासुद्धा खो खो हसला. रखमीला कळेना.

"म्हंजे जिंकलो?"

"नाही मावशी, आता कुठे भांडायची परवानगी मिळाली."

"भांडायला परवानगी लागते?" रखमीने डोळे वटारले. "तीस वर्षं याच्याशी भांडते, कुणाला विचारलं नाय!"

टपरी अजून तिची होती. पदराने नाक पुसत तिने चिमणचा दंड पकडला आणि त्याला एसटीकडे ओढलं.

"चल, भजीचा घाणा घालायचाय. आज रजा नाय."