तापीबाईचं बसणं

तापीबाईच्या पायाला भिंगरी आहे असं सगळं गाव म्हणायचं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. जेवतानासुद्धा ती एक गुडघा उभा ठेवून, उठायच्या बेतातच बसायची. सारंगखेड्याच्या अलीकडे, नदीच्या काठी तिची केळीची बाग, कपाशीचं रान, बैल आणि एक मारकी म्हैस. नवरा गिरधर जाऊन बरीच वर्षं झालेली, पोटी मूल नाही, आणि एवढा सगळा बारदाना ती एकटी हाकत होती. बायका म्हणत, नदीचं नाव ठेवलं तेव्हाच आईबापांनी विचार करायला हवा होता. तापीबाईला हे ऐकून मनातून बरंच वाटे. बसलेल्या माणसाची तिला चीड होती. ती चीड नसून भीती आहे, हे तिला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

छप्पन सालच्या फाल्गुनात तिचा सालदार धनसिंग खाली बसला. वर्षाच्या बोलीवर राहिलेला हा गडी सातपुड्यातला, काठी गावाच्या बाजूचा. बोलणं कमी, काम गाडाभर, आणि नाही म्हणणं माहीतच नाही. त्याच्या घोट्यावर फोड आला, फोडाची आग आग झाली, तो फुटला आणि आतून पांढरा दोरा डोकावला. नारू. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या गावाला नारू ओळखीचा होता. तो बारीक काडीला गुंडाळायचा, रोज आपणहून सुटेल तेवढाच. ओढला तर तुटतो, आणि तुटलेला आत राहिला की पायच नासवतो. तेव्हा पाय हलवायचा नाही आणि घाई करायची नाही, हाच त्यावरचा इलाज.

नेमकी घाई करायची नाही हेच तापीबाईला जमणारं नव्हतं. मोट बंद, केळी पाण्यावाचून माना टाकायला लागलेल्या. दुसरा गडी मिळावा तर होळी तोंडावर आलेली आणि डोंगरातली सगळी माणसं गाठोडी बांधून वर निघून गेलेली. धनसिंगची बायको फुलीबाई पोटुशी होती, तीही भावाबरोबर पुढे गेली होती. खळ्यातल्या झोपडीत तो एकटा पडलेला. तापीबाई येता-जाता दारातून डोकवायची आणि ताकात लोणी किती आलं असं विचारावं तसं, किती निघाला म्हणून विचारायची. धनसिंग दोन बोटांनी दाखवायचा. तिला ते कधीच पुरेसं वाटायचं नाही.

एका दुपारी ती बैलांना कडबा टाकत होती. झोपडीतून धनसिंगने पाणी मागितलं. त्याचा घडा रिकामा होता. तिचे हात गुंतलेले, डोक्यात उन्हाचा आणि सुकणाऱ्या केळींचा ताप.

"विहीर काय दोन कोस शे का?" ती म्हणाली. "जाय धीरे धीरे."

तो गेला, कारण नाही म्हणणं त्याला माहीत नव्हतं. खालच्या पायरीवरच्या शेवाळावरून पाय सटकला आणि काडी दगडाला अडकली. परत आला तेव्हा घडा भरलेला होता. "तुटी गया, माय," एवढंच म्हणाला आणि जाऊन पडला. तिला एका शब्दाने बोल लावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि अंगात ताप भरला. मग मात्र तापीबाईच्या भिंगरीला वाराच मिळाला. तिने भगताला आणलं, कडुनिंबाचा पाला वाटला, कांदा भाजून बांधला, तो काढून जवसाचं पोटीस बांधलं, तेही तासाभरात काढून पाहिलं. कशानेच उतार नाही म्हणताना दमणी जुंपून शहाद्याच्या डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी इंजेक्शन दिलं. पू धरू द्या, पाय उशीवर ठेवा, पाणी पाजत राहा, म्हणाले. तापात हा लाथा झाडतोय, पाय आपटला तर वाचवणं कठीण आहे, म्हणून कोणीतरी जवळ बसून तो धरून ठेवा. जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. नारू झालेल्या माणसाला विहिरीत उतरू देऊ नका, त्याला पाणी हातात आणून द्या. त्याच्या पायातून नारू पाण्यात जातो आणि पाण्यातून गावाच्या पोटात.

तापीबाई दमणीजवळ उभी राहून ऐकत होती. लोटाभर पाणी. उठून एक लोटाभर पाणी दिलं असतं तर हा पाय वाचला असता, आणि पुढच्या साली कोणाकोणाचे घोटे फुटणार आहेत तेही वाचले असते. कडबा थांबला असता, बैल काही मेले नसते.

डॉक्टरांचं सगळं तिने ऐकलं, फक्त बसायचं तेवढं सोडून. काढा उकळला, गोधडी धुतली, झोपडीला नवं सारवण घातलं. धनसिंगचा डोळा जरा लागला की ही दारात हजर. पट्टी सोडून बघ, कपाळ चाचप, काढा पाज. तिच्या प्रत्येक फेरीला तो दचकायचा आणि दचकला की पाय हलायचा. जीव तुटत होता बाईचा, पण त्या तुटण्याचा खळखळाटच इतका होता की आजारी माणसाला झोप लागेना.

तिसऱ्या प्रहरी ती पुन्हा वाटी घेऊन आत आली, तेव्हा धनसिंगने डोळे उघडले. त्याने आजवर तिच्याकडे काही मागितलं असेल तर ते पाणी.

"माय, दवा ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तू बस."

गिरधरला छातीचा ताप झाला होता तेव्हाही ती अशीच धावत होती. वैद्याकडे, शेकायला विटा तापवायला, शेळीच्या दुधासाठी गावाच्या पार टोकाला. गिरधरचा हात गोधडीवर नुसता चाचपत होता. तिने तो जाता-येता पाहिला होता आणि दर वेळी आलेच म्हणून निघून गेली होती. दूध घेऊन आली तेव्हा दीर पितांबर उंबऱ्यात उभा होता. शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होता, असं त्याने सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. त्यानंतर तापीबाई कोणाच्या उशाशी बसली नाही. बसलं की तो चाचपणारा हात समोर यायचा, म्हणून ती पळायची. केळी, कपाशी, म्हैस ही सगळी नुसती निमित्तं होती.

तिने वाटी खाली ठेवली आणि बसली. दोन्ही गुडघे खाली टेकवून, मांडी घालून. धनसिंगचा तापलेला पाय उचलून मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरला. पहिल्यांदा तिचंच अंग ठणकू लागलं. केळी सुकल्या असतील, म्हैस पिळायची राहिली असेल, चुलीवर दूध उतू जात असेल. मग तो हात समोर आला. ती रडली, चांगली हुंदके देऊन रडली, पण उठली नाही. धनसिंग झोपला होता, त्याला कळलं नाही.

गावाला मात्र लगेच कळलं. गुजर जातीची बाई सालदाराचा पाय मांडीवर घेऊन बसते, हा चघळायला चांगला विषय होता. पितांबर येऊन दारातूनच म्हणाला की लोक नाव ठेवतात, गाडीत घालून याला डोंगरात पोहोचवून देऊ. तापीबाईने त्याला मोट धरायला सांगितलं. तो तणतणत गेला, पण मोट धरली.

बसणं तिला एका दिवसात आलं असं कोणी समजू नये. दर घटकेला ती मनाने बागेत जाऊन यायची आणि दर घटकेला स्वतःला ओढून खाली बसवायची. पण हात हलत नव्हते, त्यामुळे पाय हलत नव्हता. धनसिंग तापात डोंगरातल्या होळीचं बरळायचा, ढोल ऐकू येतो म्हणायचा आणि टाचा आपटू पाहायचा. ती पाय धरून ठेवायची, आणि तिला कळत नसलेल्या त्याच्या भाषेला हं हं म्हणत राहायची.

होळीच्या दिवशी सकाळी सूज मऊ पडली आणि पोटरीच्या खाली नवं तोंड फुटलं. पू वाहून गेला, आणि मागोमाग राहिलेल्या नारूचं पांढरं टोक दिसलं. तापीबाईने ते अलगद काडीवर घेतलं. ओलं फडकं पिळून थेंब थेंब पाणी सोडत ती काडी केसाकेसाने फिरवू लागली. धनसिंगही श्वास रोखून होता. आता तुटला तर तो पुन्हा निघणार नव्हता, आणि पायही राहणार नव्हता.

तेवढ्यात पितांबर धावत आला.

"भाभी, बैलं दावं तोडीसन केळीमा घुसी ग्यात. मन्हाघाईन आवरी नही ऱ्हायनात."

बागेतून पानं फाटल्याचा आवाज झोपडीपर्यंत येत होता. तिने पोराबाळांसारख्या वाढवलेल्या, घड धरलेल्या केळी. ते बैल धनसिंगच्या हाताखालचे, तो सवयीनेच कोपरावर उठायला गेला. तापीबाईने डाव्या हाताने त्याची टाच मांडीवर दाबून धरली. नजर काडीवरून काढली नाही.

"खाऊ द्या, भाऊ," ती पितांबरला म्हणाली. मग धनसिंगला, अगदी हळू, "पडी ऱ्हाय. मी आठेच बठेल शे."

बाहेर आणखी एक केळ कोसळली. तिने फडकं पुन्हा पिळलं, आणि दोरा थोडासा सुटला.